हिंगावरचा आळ

त्या गाडीत दोन गोष्टी होत्या. त्या आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तरी आमच्यासारखे गाफील राहणार नाही. एक म्हणजे, शेगडीमागे गॅसच्या नळीचा सांधा सैल झाला होता आणि तिथून गॅस गुपचूप झिरपत होता. दुसरी म्हणजे, माझ्या सासूबाई रोज दिवेलागणीला काड्यापेटी काढून निरांजन लावत होत्या. शेगडी आणि देव यांच्यात अंतर हातभर. आम्हाला जिवंत ठेवत होत्या त्या फक्त उघड्या खिडक्या, आणि आमचा नवा देश जसजसा पश्चिमेकडे थंड होत गेला तसतशा त्या खिडक्या आम्ही एकेक करून लावून घेत होतो.

आता सुरुवातीपासून सांगते.

ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा. आम्ही अमेरिकेत नोव्हाय गावी राहत होतो. नवरा मोटारीच्या कंपनीत सीटांच्या सांगाड्यांचे आराखडे काढायचा. सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच आल्या होत्या आणि त्यांना अमेरिका दाखवायची होती. अडचण एकच होती, त्या बाहेरचं खात नसत. "ज्या तव्यावर आधी काय भाजलं ते मला ठाऊक नाही, त्या तव्यावरचं मला नको," एवढंच म्हणायच्या, आणि ते इतक्या गोड आवाजात की वाद घालायची सोय नसे. नायगाराला नेलं तेव्हा सोबतच्या दशम्या संपल्यावर त्या केळ्यांवर राहिल्या. धबधबा बघून म्हणाल्या, "छान आहे. घरी कधी जायचं?" घरी आल्यावर वजनकाट्यावर उभं केलं तर नवऱ्याचा चेहरा उतरला.

यलोस्टोनला जायचं ठरलं तेव्हा त्याने शक्कल लढवली. मोटरहोम भाड्याने घ्यायचं. घरच बरोबर न्यायचं. गाडीत ओटा, शेगडी, फ्रिज, झोपायला पलंग, सगळं. आईच्या हातचं, आईच्या तव्यावरचं.

सामान त्याने भरलं. यात मला हात लावू दिला नाही, कारण मी म्हणे जागेचा विचार करत नाही. त्याने केला. शेगडीखालच्या कपाटात त्याने कणकेची मोठी पिशवी, तिच्यावर पाच लिटरचा कुकर आणि कुकरच्या पोटात डाळी, मसाले आणि सासूबाईंची हिंगाची डबी अशी रचना केली. एक बोट जायला जागा नव्हती. "इंजिनिअरिंग," तो म्हणाला. त्याच कपाटात मागच्या बाजूने गॅसची नळी जात होती, हे त्याने पाहिलं होतं. वळणावर कुकर सरकतो, हे मात्र त्या रचनेत धरलं नव्हतं.

त्या डबीबद्दल दोन शब्द. आत खडा हिंग, फडक्यात बांधलेला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने डबी उघडली, हुंगली आणि काहीही न विचारता पटकन बंद करून परत दिली. सासूबाई हे कौतुकाने सांगत. त्यांच्या मते त्याने आदर दाखवला.

पहिल्या मुक्कामाला एक छोटा प्रसंग झाला. झोपायच्या आधी सासूबाई बाहेर गेल्या, दाराजवळच्या छोट्या झडपेमागची गॅसची चावी बंद केली आणि समाधानाने येऊन आडव्या झाल्या. सांगलीत सिलिंडर आल्यापासून त्या रोज रात्री रेग्युलेटर बंद करत आल्या होत्या. सकाळी दूध नासलेलं, दही फसफसलेलं, लोणी पातळ.

"आई, फ्रिजसुद्धा त्याच गॅसवर चालतो," नवरा म्हणाला.

"विस्तवावर थंड होतं?"

"हो."

"आणि माझ्या उपासांना तू भोळसटपणा म्हणतोस."

पण ती चावी आता कोणी बंद करायची नाही, असा हुकूम निघाला. सासूबाईंनी तो पाळला. त्यांना न पटलेले हुकूम त्या जास्तच काटेकोरपणे पाळत.

आयोवातल्या एका खडबडीत रस्त्यानंतर वास यायला लागला. मी जेवणाच्या तयारीला कपाट उघडलं आणि भपकारा आला. माहीत आहे ना तुम्हाला, गॅसला स्वतःचा वास नसतो, तो गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम एक दुर्गंध घालतात. कुजकट, गंधकासारखा. आता तुम्हीच सांगा, हिंगाची डबी जिथे ठेवलीय त्याच कपाटातून असा वास आला, तर मराठी माणूस काय म्हणेल?

"आई, तुझा हिंग," नवरा म्हणाला.

"डबी घट्ट आहे."

"मग हे काय, अत्तर आहे?"

सासूबाईंनी डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी ती पिशवी स्टीलच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी तो डबा नवऱ्याच्या लोकरी मोज्यात. खिडक्या उघड्या ठेवून पळत होतो तोवर वास जायचा, थांबलो की परत यायचा. दुपारी माझं डोकं दुखे. त्याचंही खापर हिंगावर. मी विनोद करायचे, या मोज्यातच दोन वास एकत्र आलेत म्हणून. सासूबाई हसत नसत.

त्यांनी फोडणीत हिंग घालणं बंद केलं. मग आमटी त्यांच्या घशाखाली उतरेना. मग त्या दहीभातावर आल्या, आणि पुढे पुढे दोन घास खाऊन ताट सारायला लागल्या. ज्या एका कारणासाठी हे चाकांवरचं घर आणलं होतं, तेच फसलं. आणि रोज संध्याकाळी, पोटात काही नसताना, ओट्याच्या टोकाशी मांडलेल्या छोट्या देवांपुढे त्या बसत, काड्यापेटी खुळखुळवत आणि निरांजन लावत. माझ्या पाठीला आजही हे लिहिताना घाम येतोय.

देवांच्या बाबतीत त्यांनी अमेरिकेत बऱ्याच सवलती दिल्या होत्या. सोवळं सोडलं होतं. मी पँट घालून फिरते हे त्या पाहत नसत. एकच नियम त्यांनी पहिल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितला होता, "अडचण आली की देवाच्या वस्तूंना शिवू नकोस. बाकी कुठे बसायचं तिथे बस, एवढ्याशा गाडीत तुला वेगळी कुठे बसवू?" आणि निरांजन लावेपर्यंत त्या कोणाशी बोलत नसत. तोंडात श्लोक सुरू झाला की भूकंप झाला तरी तो संपल्यावर.

साउथ डकोटात पोचलो तेव्हा हवा पालटली. बोचरा वारा, तिरका पाऊस. संध्याकाळच्या सुमारास एका मुक्कामाच्या मैदानात गाडी लावली, सगळ्या खिडक्या आणि छताची झडप घट्ट बंद केली, पहिल्यांदाच. आणि वासाने सगळे एकदम वैतागले.

"आई, खरं सांगतो, हा हिंग तू फेकून दे," नवरा म्हणाला. "मी तुला घरी गेल्यावर दुसरा आणून देतो."

"नको फेकायला. माझंच काहीतरी चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यामुळे तुमची सहल नासली. मला परत जायचं तिकीट लवकरचं मिळतंय का बघ."

त्यावर त्याने छत्री उचलली. लाकडं आणि पाणी घ्यायला मैदानाच्या ऑफिसात निघून गेला. मी मागोमाग कपडे धुवायच्या खोलीत गेले, कारण त्या तिघांत, म्हणजे आई, मुलगा आणि हिंगात, चौथं कोणी नको होतं. सासूबाईही समोरच्या ऑफिसच्या पडवीत जाऊन पाऊस बघत बसल्या. गाडी रिकामी, बंद, आणि आत सांधा आपलं काम करत होता.

मी परत आले तेव्हा पाऊस रिमझिमत होता. गाडीच्या मागच्या शिडीला एक पिशवी टांगलेली दिसली. सासूबाईंनी काहीतरी लपवलंय, कदाचित लाडू, असं वाटून मी खुशीत ती उघडली. मोजा. मोज्यात डबा. डब्यात पिशवी. पिशवीत डबी. त्यांनी आपला हिंग स्वतःच्या हाताने घराबाहेर काढला होता. मला हसू आलं, आणि जरा वाईटही वाटलं.

डबी हातात घेऊन मी गाडीला वळसा घातला. दार अर्धवट उघडं होतं, सासूबाई नुकत्याच आत गेल्या होत्या. दारातून वासाचा लोट माझ्या तोंडावर आला, आजवरचा सगळ्यात मोठा.

मी हातातल्या डबीकडे पाहिलं. मग दाराकडे.

आतून काड्यापेटीचा खुळखुळाट आला. काड्या दमट झाल्यात का, हे त्या हलवून बघत होत्या. आणि त्यावर, शांत, संथ आवाजात, "शुभं करोति कल्याणम्."

काय ओरडणार होते मी? गॅस म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आत कोंडलेल्या हिंगाच्या वासावरूनच ही पुन्हा बोलतेय, आणि त्यांनी श्लोक पुरा केला असता. थांबा म्हटलं असतं तर त्यांनी हाताने मलाच थांबवलं असतं, मग काडी ओढली असती. हात धरायला आत जायला हवं होतं, आणि ओट्यापर्यंत पोचायच्या आत काडी ओढून झाली असती. त्या बाईला श्लोकाच्या मध्यात, काडी पेटीवर टेकलेली असताना थांबवू शकेल असं या जगात एकच वाक्य होतं.

"आई, मला अडचण आलीय," मी दारातून म्हणाले. "आणि ती काड्यापेटी मघाशी मीच हातात घेतली होती."

श्लोक तुटला. काड्यापेटी विंचू चावल्यासारखी त्यांच्या हातातून सुटून ओट्यावर पडली.

"आत्ता सांगतेस?"

"आत्ताच कळलं. बाहेर या. हात धुवायला पाणी देते. बाहेर या आई, लगेच."

त्या तणतणत पायऱ्या उतरल्या. मी त्यांचा दंड धरला आणि ओढतच पडवीपर्यंत नेलं. "मला शिवतेस पण," त्या म्हणाल्या. मी काही ऐकत नव्हते. समोरून नवरा लाकडाची मोळी घेऊन येत होता. "गॅस गळतोय," मी म्हणाले.

"अगं, तो हिंग..."

मी डबी त्याच्या नाकाखाली धरली. तो डबीकडे, मग गाडीकडे बघत राहिला. मोळी त्याच्या पायावर पडली आणि त्याला कळलंही नाही. मग तो धावत गेला, बाहेरची ती चावी बंद केली, दिव्याच्या कोणत्याही बटणाला हात न लावता दार पूर्ण उघडलं आणि एकेक खिडकी बाहेरून जमेल तशी ढकलली. मग तोही पडवीत आला. आम्ही तिघं ओळीने बसलो आणि एका उघड्या गाडीकडे बघत राहिलो, जणू पडदा वर गेलाय आणि नट यायचे बाकी आहेत.

गाडीत वासाचा मागमूस राहिला नाही तेव्हा नवऱ्याने कपाट रिकामं केलं, सांध्यावर साबणाचा फेस लावला, चावी क्षणभर उघडली आणि लगेच बंद केली. फेसाला बुडबुडे आले. शेजारी, नळीवर, कुकरच्या कडेचा स्वच्छ पोचा. त्याने त्यावरून बोट फिरवलं.

"आई," तो बाहेर येऊन म्हणाला, "तुझा हिंग निर्दोष आहे."

"ते मी आयोवापासून सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. "तिकिटाचं बघितलंस का?"

"नाही."

"नको बघू."

पण ऑफिसातून फोन करून बोलावलेला दुरुस्तीचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता आणि तोवर शेगडी बंद. म्हणजे आजही उपास. नवरा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत असताना सासूबाई मैदानाच्या कडेला गेल्या. तिथे विस्तव करायचं लोखंडी कडं होतं, वर जाळी. गाडीपासून चांगलं लांब. त्यांनी जाळी हलवून पाहिली.

"ही चूलच की रे. आधी नाही का सांगायचं?"

पाऊस थांबला. लाकडं पेटली. कुकरात भात, पातेल्यात पिठलं, आणि फोडणीत त्यांनी हिंग घातला, आयोवापासूनचा सगळा एकदम. वाऱ्याने तो मैदानभर नेला. थोड्याच वेळात शेजारच्या मोटरहोममधले म्हातारबुवा हातात पाना घेऊन लगबगीने आले आणि नवऱ्याला इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला घाबरवायचं नाहीये, पण तुमच्याकडे गॅस गळतोय. मला इथवर वास येतोय."

नवऱ्याने पिठल्याच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. मी हसून हसून खाली बसले. सासूबाईंना एवढंच कळलं की गॅस म्हणतोय.

"त्याला म्हणावं, हिंग आहे. खात्री करायची असेल तर बस म्हणावं जेवायला."

म्हातारबुवा जेवले नाहीत, पण सासूबाई जेवल्या. भात दोनदा घेतला. पातेलं निपटून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून, अगदी सहज विचारलं,

"आणि तुझी अडचण?"

"नव्हती."

"देवासमोर खोटं बोललीस."

"दारात उभी होते."

त्यांनी पातेलं बाजूला सारलं. "परत असं करू नकोस. पुढच्या वेळी खरी आली तरी माझा विश्वास बसणार नाही."

मग त्यांनी देव आणि निरांजन बाहेर लाकडी टेबलावर आणून मांडले. काड्यापेटी हातात घेतली, खुळखुळवली, आणि माझ्यापुढे धरली.

"घे. तूच लाव आज. तुला काही अडचण नाही ना."

पहिल्या काही काड्या माझ्या हातात मोडल्या. त्या काही बोलल्या नाहीत. श्लोक सुरू झाला होता.