वहिनींचा रिपोर्ट मी वाचायला नको होता

पळसदरीच्या आमच्या सुमनवहिनींच्या आतड्यातली गाठ न्यूरोएंडोक्राइन आहे, म्हणजे कॅन्सरच्याच प्रकारातली, असं आज कर्जतला डॉक्टरांनी सांगितलं.

मित्रांनो, हाच रिपोर्ट महिन्यापूर्वी माझ्या हातात होता. मी पेपरात लिहितो, म्हणून घरातले, शेजारचे रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात. त्यातला 'एंडोक्राइन' एवढाच शब्द पकडून मी म्हणालो, "हार्मोनची गाठ आहे. आमच्या हिच्या थायरॉइडला होती तशीच, साधी. भाताची लावणी उरकून डॉक्टरांना दाखवा."

आज डॉक्टरांनी फरक समजावला. थायरॉइडसारख्या हार्मोनच्या ग्रंथीत होते ती एंडोक्राइन गाठ. वहिनींची गाठ वेगळ्या पेशींतून वाढली आहे. या पेशी मज्जातंतूंचे इशारे घेऊन हार्मोन सोडतात आणि आतडी, फुप्फुसं अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात. ही गाठ बहुतेकदा हळू वाढते, पण यकृतापर्यंत पोचू शकते.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "तोंड पाडून बसू नका भावजी. लावणी झाली ना? आता तपासणीला तुमी संगं चला. मला एकटीला भ्या वाटतं."

मंगळवारी स्कॅन आहे. गाठ पसरली आहे का, ऑपरेशन होईल का, ते त्यानंतर कळेल. माझ्या शब्दावर गेलेल्या महिन्यात काय बिघडलं, तेही.