रफूवालीचा आणि पोस्टमनचा काडीमोड

ती रफूचं काम करायची. कोटाला भोक पडलं की त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि एकेक दोरा वरखाली विणत बसायचं. दोन बोटं जागेला अख्खा दिवस. नवरा पोस्टमन. दुपारच्या आत साडेतीनशे घरं. घरीसुद्धा त्याचं तेच. सात मिनिटांत जेवण उरकून तो हात धुवायला उठायचा, तेव्हा हिची अजून भाजी वाढून घेणं चाललेलं असायचं. रस्त्यात तो कायम वीस पावलं पुढे. अशी सव्वीस वर्षं गेली.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि हिने वकीलबाई गाठल्या. मारतो का, पितो का, बाहेर कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. प्रत्येक प्रश्नाला हिचं उत्तर एकच, 'नाही'. वकीलबाई वैतागल्या, निदान शिवीगाळ तरी लिहू या, म्हणाल्या.

"खोटं नका लिहू हो," ती म्हणाली. "माणूस चांगलाय. फक्त चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठच मला जास्त ओळखीची आहे."

मग दोघांच्या संमतीने अर्ज करायचं ठरलं. नवरा आधी फुगून बसला. पण कोर्टातल्या समुपदेशकांनी महिनाभर रोज संध्याकाळी जोडीने फिरायला सांगितलं, तेव्हा मुकाट निघाला. हळू चालून त्याचे गुडघे धरले, भराभर चालून हिला धाप लागली. पंधराव्या दिवशी दोघं बागेतल्या बाकावर टेकले.

"करतो मी सही," तो म्हणाला. "रोज तुला ओढत नेल्यासारखं वाटतं."

"आणि मला तुम्हाला बांधून ठेवल्यासारखं."

अर्ज मंजूर झाला. ती आपल्या रफूच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेली आणि पहिल्याच दिवशी पाऊण तास जेवली. मुलीने फोनवर रडून घेतलं, मग सुट्टीत उतरायचं कुणाकडे ते विचारलं.

निकालाची प्रत वकीलबाईंनी रजिस्टर पोस्टाने पाठवली. दुकान नेमकं त्याच्याच वाटपात. तो झपाझप आला, पाकीट पुढे केलं आणि सवयीने बोलून गेला, "ताई, इथे सही करा."

लगेच जीभ चावली. पण हिला हसू आवरेना. हसताना सुई हातातून पडली. ती शोधायला तो वाकला आणि तिथेच फरशीवर बसून हसायला लागला. पुढच्या गल्लीतली पत्रं त्या दिवशी तासभर उशिरा पोचली.