गमरे सर आणि तंबूचा तळ

गमरे सर चहाचा कप आधी उचलून खालून बघायचे आणि मगच तोंडाला लावायचे. मुलुंडच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, दिसतं त्यावर जाऊ नका. त्रिकोणी चितीला, म्हणजे प्रिझमला, पाच पृष्ठं असतात. कशीही धरा, एका वेळी तीनच्या वर दिसत नाहीत. माणसाचंही तसंच."

ते गणित शिकवत. उत्तर बरोबर आलं की विचारत, "कुणाचं बघितलंस?" चुकलं की, "कुणाचं बघून चुकलास?" छापील उत्तरसूचीवरही त्यांचा विश्वास नसे, प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून मगच तपासायला बसत. मुलं त्यांना घाबरत, पण पृष्ठफळ शिकावं तर त्यांच्याकडूनच. पुठ्ठ्याची चिती वर्गात आणून ते ती कडेकडेने कापत आणि फळ्यावर चिकटवत. दोन त्रिकोण, तीन आयत. "आता काही लपलंय का? नाही ना? मग करा बेरीज."

नववीच्या सहामाहीत त्यांनी तंबूच्या आकाराची त्रिकोणी चितीचं उदाहरण घातलं होतं. पृष्ठफळ यायला हवं होतं १८४ चौरस मीटर. रूपाली आणि ओमकार, दोघांचंही आलं १२४. चूक एकच, तळाचा आयत धरलाच नव्हता, पायऱ्याही सारख्याच.

"कॉपी," शिक्षकखोलीत दोन्ही पेपर माझ्यापुढे टाकत सर म्हणाले. "पाणी प्यायलाही दोघं एकदमच बाहेर गेली होती. मी बघितलंय."

त्यांनी दोन्ही पेपरांवर लाल शेरा मारला. मुख्याध्यापिकांनी पालकांना बोलवायचं ठरवलं. हे कळल्यावर रूपाली प्रयोगशाळेत माझ्याकडे आली. ओठ दाबून रडत होती. "मॅडम, बाबांना नका ना बोलवू. ते आधीच म्हणतायत, मुलीला शाळेतून काढून गावी पाठवतो म्हणून. त्यांना कारणच मिळेल."

मी सरांना सांगितलं. "सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पुन्हा पुन्हा ते दोन पेपर काढून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, कॉपी करणारा आकडा उचलतो. यांनी आकृतीही काढलीय, आणि दोघांच्या आकृत्या वेगळ्या. काहीतरी बसत नाही."

त्यांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. मी तिथेच होते.

"तळ का नाही धरलास?" त्यांनी ओमकारला विचारलं.

"तंबूला खाली कापड कुठे असतं सर? मनोरीच्या किनाऱ्यावर शाळेच्या शिबिरात रात्रभर पाठीखाली वाळूच होती."

मग रूपाली आली. तिलाही त्यांनी तेच विचारलं. ती म्हणाली, "सर, आमच्या तंबूत खाली काहीच नव्हतं. मनोरीला. सकाळी केसांतून वाळू निघत होती."

शाळेचं ते शिबिर परीक्षेच्या थोडंच आधी झालं होतं. सर गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात उभे राहिले आणि खडू हातात न घेताच बोलले, "रूपाली, ओमकार, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माझं चुकलं. मला माफ करा." मग नेहमीच्या आवाजात, "मार्क मात्र मिळणार नाहीत. प्रश्नात चितीचं पृष्ठफळ विचारलं होतं, तंबूचं कापड नाही. वाचायला शिका." शेरा त्यांनी सर्वांदेखत खोडून खाली सही केली, आणि पालकांना बोलावणं गेलं नाही.

त्यानंतर सर चटकन विश्वास ठेवू लागले असं नाही. तसेच राहिले, फक्त शेरा मारण्याआधी मुलाला समोर बसवून "कसं केलंस, सांग" म्हणू लागले.

गेल्या वर्षी ते गेले. शोकसभेला रूपाली आली होती. आता ती घाटकोपरला नोकरी करते. बोलायला उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "तोवर माझी कुठल्याच मोठ्या माणसाने माफी मागितली नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं, मी गावी जाणार नाही."