न बोलता घेतलेला कँटर

शनिवार-रविवारी सकाळी मी फोन उचलत नाही म्हणून तुमची आई माझ्यावर रागावते. तिच्याकडे तेव्हा रात्र असते, आणि झोपण्याआधी आपली आई कुठे पडली-बिडली नाही ना, एवढंच तिला विचारायचं असतं. मी पडलेले नसते. घोड्यावर असते. हे तुम्हाला ठाऊक आहे, फोटोही तुम्ही पाहिले आहेत. पण गेल्या हंगामात त्या घोड्याबरोबर काय घडलं, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. आपलं फोनवरचं बोलणं इंग्रजीत होतं, तिथे ते लवकर संपतं. म्हणून तुम्हा नातवंडांना लिहिते आहे. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

आमचा रायडिंग क्लब मोठ्या तलावापलीकडे, भोपाळ शहराबाहेर आहे. आठवडाभर तिथे स्पर्धांसाठी तयारी करणारी मुलंमुली असतात, आमच्यासारख्या हौशी लोकांना शनिवार आणि रविवार. मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेले एक गृहस्थ मला उजाडताना बिट्टन मार्केटच्या कोपऱ्यावरून गाडीत घेतात. ते मला आंटी म्हणतात, स्वतः पन्नाशीचे आहेत आणि क्लब येईपर्यंत एकटेच बोलतात. त्यांची घोडी अडथळ्यापाशी येऊन उभी राहते, उडी मारत नाही. त्याची कारणं ते दर आठवड्याला नवी शोधून काढतात.

माझा घोडा तांबडा, वयस्कर आणि शांत. 'माझा' म्हणते, पण तो क्लबचा. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी मी तिथे जायला लागले. तुमच्या आईने योगासनांचा वर्ग सुचवला होता. मी एकदा जाऊन आले. तिथे सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं होतं, आणि तेवढं मी घरी करतच होते.

आजोबांच्या नोकरीसाठी आम्ही नागपूरहून इथे आलो, त्याला आता एक जन्म लोटला. माझी नोकरी टी. टी. नगरमधल्या सरकारी कचेरीत होती, तिथे फायली इंग्रजीत आणि गप्पा हिंदीत. मराठी फक्त घरात, आम्हा दोघांत आणि तुमच्या आईशी. आई लग्न होऊन परदेशी गेली, मग आजोबा गेले, आणि एका आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सोमवारपासून मी मराठीचा एक शब्दही बोललेले नाही. कामाला येणारी बाई, भाजीवाला, खालच्या मजल्यावरचे लोक, सगळे चांगले आहेत. सगळ्यांशी हिंदी.

घोड्याशी मी मराठी बोलू लागले. पाठीवर ब्रश फिरवताना आठवड्याची हकीकत सांगायची: नळाला पाणी कधी आलं, मेथी कशी निघाली, तुमच्या शाळेत काय चाललं आहे. तो कान मागे वळवून ऐके. रिंगणातही माझं चालूच असे. "सावकाश", "अंहं, तिकडे नाही", "शहाणा माझा". पुढे आम्ही कँटर शिकायला घेतला. कँटर म्हणजे दुडक्या चालीच्या पुढची, झुलत जाणारी पळती चाल. ती मागायची तर स्वाराने बाहेरच्या बाजूचा पाय किंचित मागे नेऊन घोड्याला दाबायचं असतं. माझे गुडघे दुखरे. मी दाबे आणि तो आपला दुडकतच राही. एकदा अशी फेरीमागून फेरी झाल्यावर वैतागून माझ्या तोंडून निघालं, "अहो, चला ना!"

आणि तो निघाला. इतका अलगद, की मी खोगिराचा पुढचा काठ धरायचीही विसरले.

"अहो, चला ना" हे मी घराच्या दारात उभी राहून म्हणत असे. आजोबा चष्मा शोधत असायचे, आणि आमचं संध्याकाळचं फिरणं खोळंबलेलं असायचं. घोड्याला अहो म्हटलं म्हणून मला त्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या दिवशी नाही आलं, तिसऱ्या वेळेपासून सवय झाली. माझ्या पायाने काहीही सांगितलं तरी तो दुडकतच राहायचा, ते तीन शब्द यायची वाट बघायचा आणि मगच कँटर घ्यायचा.

प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले आहेत. एक दिवस त्यांनी मला कठड्यापाशी बोलावलं.

"मैडम, ये घोड़ा कान से चल रहा है। इसे पैर से चलाइए।"

"चल तो रहा है," मी म्हटलं.

"कॉम्पिटिशन में भी बात करेंगी?"

आमच्या क्लबची पद्धत अशी आहे. हंगामाच्या शेवटी हौशी स्वारांची एक छोटी स्पर्धा होते. आखीव रिंगणात कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, आणि अमुक अक्षरापाशी चाल बदला, तमुकपाशी वळा, असा ठरलेला क्रम घोड्याकडून करून घ्यायचा असतो. त्यात जो उत्तीर्ण होतो, त्याला त्याचा घोडा पुढच्या पूर्ण हंगामासाठी राखून मिळतो. बाकीच्यांनी त्या त्या दिवशी जो रिकामा असेल त्याच्यावर बसायचं. आणि या स्पर्धेत घोड्याशी बोलायला मनाई आहे. दर शब्दाला गुण जातात.

माझा तांबडा राज्य पातळीची तयारी करणाऱ्या एका मुलीने आधीच मागून ठेवला होता. मी उत्तीर्ण झाले नाही तर तो तिच्याकडे जाणार होता. त्यात अन्याय काही नव्हता, मुलगी चांगली बसते. पण मग मला तो फक्त लांबून दिसला असता.

तेव्हा गप्प राहायचं ठरलं. नुसतं रिंगणात नाही, प्रशिक्षकांनी तबेल्यातही बोलणं बंद करायला सांगितलं. आवाज आला की तो पुढच्या शब्दाची वाट बघतो, ती वाट बघणंच मोडायला हवं, असं ते म्हणाले. परतताना गाडीत मी हे इंजिनिअरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आंटी, मुंह में पान दबा लीजिए। भोपाल में आधे लोग इसी वजह से चुप हैं।" पान मला चालत नाही. मी लवंग ठेवू लागले.

पहिला गप्प शनिवार फार वाईट गेला. मी नुसता ब्रश फिरवला. त्याने मान वळवून दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग गवत खायला लागला. रिंगणात मी पाय मागे नेला, दाबला, पुन्हा दाबला. तो दुडकत राहिला, दोन्ही कान माझ्याकडे. जीभ तिखट झाली, डोळ्यांत पाणी आलं, ते मी लवंगेवर ढकललं.

घरी गुडघ्यांसाठी रबरी पट्टा बांधून हॉलमध्ये व्यायाम सुरू केला. आठवडाभर पट्टा ओढायचा आणि शनिवारी तपासायचं. एका रविवारी त्याने अर्धवट, उसळल्यासारखा कँटर घेतला आणि लगेच सोडला. पुढच्या खेपेला काहीच नाही. मग त्याचा एक नाल निघाला आणि तो शनिवार-रविवार मी नुसतंच इतरांचं बघत कठड्याशी बसले. ते संपूर्ण दोन दिवस मी हिंदीत "हाँ" आणि "नहीं" याखेरीज काही बोलले नाही. तुमचा फोन आला होता. तुम्ही विचारलंत, "ऑल गुड, आजी?" मी म्हटलं, "ऑल गुड."

थंडी पडायला लागली तेव्हा डाव्या बाजूचा, म्हणजे डावीकडे वळत फेरी मारतानाचा, कँटर मिळू लागला. उजवीकडचा शेवटपर्यंत बेभरवशाचा राहिला.

स्पर्धेत क्रम मोठ्याने वाचून दाखवायला एक माणूस घेता येतो. माझा क्रम इंजिनिअर वाचणार होते. त्यांच्या घोडीने सकाळीच उड्यांच्या फेरीत पहिल्या अडथळ्यापाशी ठाण मांडलं होतं, तरी त्यांचा आवाज खणखणीत होता. "अपनी तरफ़ से एक लफ़्ज़ नहीं जोड़ूँगा, आंटी, क़सम से," ते म्हणाले.

डावा कँटर पाटीपाशीच मिळाला. मग दिशा बदलून दुडकी, आणि इंजिनिअरांनी उजवा कँटर वाचला. मी पाय मागे नेला. काही नाही. कोपरा जवळ येत होता आणि तो दुडकत होता, एक कान मागे करून. मला ते तीन शब्द लवंगेच्या मागे तयार असलेले जाणवत होते. बोलले असते तर तो तत्क्षणी निघाला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी दातांत लवंग फोडली आणि पाय सगळ्या ताकदीने पुन्हा लावला. कोपऱ्यात, उशिरा, त्याने कान पुढे केले आणि कँटर घेतला.

उशिराचे गुण गेले, पण मी उत्तीर्ण झाले. जेमतेम. इंजिनिअरांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की शेजारची घोडी बिथरली.

रिंगणाबाहेर पडल्यावर बोलायला मोकळीक असते. पलीकडच्या मोकळ्या मैदानात मी त्याला दुडक्या चालीवर आणलं, लवंग थुंकली आणि पायाने काही न करता म्हटलं, "अहो, चला ना."

त्याचा एक कान माझ्याकडे वळला, थोडा वेळ तसाच राहिला आणि पुन्हा पुढे गेला. तो त्याच चालीने दुडकत राहिला.

प्रशिक्षक कठड्यावरून बघत होते. "वाह मैडम! अब पक्का हो गया," ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.

घोडा आता या हंगामासाठी माझ्या नावावर आहे. शनिवारी मी ब्रश फिरवते, खूर साफ करते, खोगीर चढवते. बोलायला आता कुणाची मनाई नाही. गेल्या आठवड्यात मी मेथीपासून सुरुवात केली, पण तो गवत खात होता, आणि वाक्य अर्धं झाल्यावर पुढे काय सांगायचं ते मला सुचेना. तशीच बसले त्याच्यावर. उजवा कँटर पहिल्याच पाटीपाशी मिळाला.