दुसऱ्या ब्रेकचं रबर

गावात त्यांना सगळे सावकाशमास्तर म्हणायचे. हे नाव आपणच ठेवलं असा दावा न्हावीही करतो आणि कपडे शिवणाऱ्या बाईही करतात. दोघंही मास्तरांकडेच गाडी शिकलेले, त्यामुळे निकाल लावणं कठीण. मास्तरांचा गाडी शिकवण्याचा क्लास होता. एक गाडी, तिच्या छपरावर पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकणारा चुकलाच तर मास्तरांनी दाबायचा. तोंडात कायम ‘सावकाश’. बायकोनं ताट वाढायला घेतलं तरी ‘सावकाश’ म्हणतात, अशी एक अफवा होती. ती मास्तरीणबाईंनी स्वतःच पसरवली असावी, कारण नवऱ्याची नक्कल त्यांच्याइतकी हुबेहूब कुणाला साधत नसे.

शिकाऊ हातानं या गाडीवर कधी ओरखडा उठला नाही, हे मास्तर चारचौघांत मिरवायचे. आभाळ भरून आलं की क्लास बंद, हे मात्र कुणी मिरवत नसे. त्यातही वसंतातला पाऊस म्हटला की मास्तर गाडीवर कापड टाकून मोकळे. हिवाळाभर रस्त्यावर धूळ आणि तेल साचलेलं असतं, त्यावर भुरभुर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. वर झाडांच्या फुलांचा चिकट थर. अशा रस्त्यावर काय करायचं ते मास्तर घरात बसून फार सुरेख सांगत. वळण यायच्या आधीच वेग कमी करा, ब्रेक आधीपासून आणि हलका, पुढच्या गाडीपासून दुप्पट लांब राहा. काठावर उभं राहून पोहायला शिकवावं, तसं.

मास्तरीणबाईंना गाडी शिकायची होती ती एकाच कामासाठी. नदीकाठच्या रस्त्यानं पलीकडच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण राहायची. पाय अधू झालेले, घराबाहेर पडणं बंद. बस होती, पण ती तिच्या मर्जीची राणी. ताई म्हणायची, “तू गाडी घेऊन ये. दारात हॉर्न वाजव, मी गॅलरीत येते. शेजारीण कशी जळते ते दोघी मिळून बघू.”

बाई शिकल्या. अगदी झटपट शिकल्या. कुत्रं आडवं येवो की सायकलवाला, गाडी कशी लोण्यासारखी थांबायची. मास्तर म्हणायचे, “छान, जमतंय.” बाई हरखून शेजारणींना सांगायच्या, “माझा पाय हलका आहे म्हणे.” कोरड्या मैदानात परीक्षा झाली, लायसन्स हातात आलं.

आणि मग वसंतातल्या एका दुपारी, मास्तर कामासाठी बाहेर गेलेले असताना, बाईंनी घरची गाडी काढली. हिला दुसरा ब्रेक नव्हता. भुरभुर नुकतीच सुरू झालेली. नदीच्या वळणावर त्यांनी नेहमीसारखा हलकेच पाय ठेवला. गाडी नेहमीसारखी थांबेना. घाबरून त्यांनी सगळा जोर लावला. चाकं जागच्या जागी अडकली, गाडी फुलांवरून घसरत गेली, गर्रकन फिरली आणि पुलाच्या कठड्यावर पाठ आपटून थांबली. बाईंना खरचटलंही नाही. गाडीचं मागचं दार मात्र आत गेलं.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, असं कसं झालं? मला तर ब्रेक छान जमायचा.”

मास्तरांनी बोलायची वेळ ती होती. पण दार बघायला निम्मी गल्ली जमलेली, त्यात न्हावी सगळ्यात पुढे. क्लासची अब्रू डोळ्यांपुढे आली. मास्तर हसून म्हणाले, “झुरळ चिरडल्यासारखा ब्रेक दाबलास तर गाडी काय लाडानं थांबणार आहे?”

गल्ली हसली. न्हाव्यानं तो विनोद संध्याकाळच्या आत गावभर पोचवला. बाईही हसल्या. पुढे कित्येक वर्षं त्याच हा किस्सा झुरळासकट रंगवून सांगत. पण किल्ली त्यांनी त्या दिवशी खिळ्याला अडकवली ती अडकवलीच.

ताईकडे जाणं मग मास्तरांच्या सवडीवर आलं. या रविवारी नको, टेस्ट आहे. पुढच्या रविवारी बघू. सावकाश जाऊ, ताई कुठे पळून जातेय? गेल्या हिवाळ्याच्या शेवटी ताई गेली. त्या वेळी मास्तरांनी गाडी किती जोरात हाणली म्हणता! उपयोग काय, गॅलरीचं दार कुणीतरी आधीच लावून घेतलेलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी नवरा-बायको बाजारातून परतताना वायपर बदलायला गॅरेजवर थांबले. क्लासचीच गाडी होती. मेकॅनिक बोलघेवडा, दोन्ही दारं उघडून म्हणाला, “वहिनी, एक गंमत बघा. पेडलवरची ही दोन रबरं, दोन्ही गाडीइतकीच जुनी. शिकणाऱ्याच्या ब्रेकचं कोरं करकरीत. आणि मास्तरांच्या ब्रेकचं झिजून पार लोखंड दिसतंय. गावाला गाडी येते की मास्तरांना, देवच जाणे!”

तो हसला. मास्तरही हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. बाई वाकून दोन्ही रबरांकडे बघत होत्या. घरी येऊन चपला काढल्या आणि मग विचारलं, “मी शिकत होते तेव्हा पण तुमचा पाय होता?”

“होता.”

“दर वेळी?”

“अगं, तू घाबरशील म्हणून... जवळजवळ दर वेळी.”

“मग ‘छान, जमतंय’ कुणाला म्हणत होतात? स्वतःला?”

मास्तर दारातल्या चपला सरळ करून ठेवू लागले.

“त्या दिवशी का नाही बोललात?”

“लोक होते दारात.”

“लोक,” बाई म्हणाल्या. “लोक गेले की घरी. त्यानंतर होतेच की आपण दोघं.”

झुरळाचा किस्सा बाईंच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. न्हाव्यानं एकदा आठवण करून दिली, तर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याच्या हातातला वस्तरा थांबला.

मास्तरांनी गॅरेजवर जाऊन दुसरा ब्रेक काढून टाकला. मेकॅनिक म्हणाला, “मास्तर, क्लास बंद?” मास्तर म्हणाले, “एकच विद्यार्थीण राहिलीय.”

पहिली भुरभुर आली त्या दुपारी बाईंनी त्याच खिळ्यावरून क्लासच्या गाडीची किल्ली काढली. मास्तर शेजारी बसले. बाईंनी वायपर लावला, दिवे लावले, आणि गाडी रस्त्याला घातली. वळण दिसू लागलं तसा मास्तरांचा पाय पुढे गेला आणि रिकाम्या पायपुसण्यावर दाबला गेला. बाईंनी वेग कधीच उतरवला होता. पाय हलका, आधीपासून. गाडी फुलांवरून मुकाट्यानं वळली.

“पाय दुखेल हो तुमचा,” बाई समोर बघत म्हणाल्या.

ताईच्या दाराशी गाडी थांबली. फाटकाला कुलूप, गॅलरीत एक उलटी करून ठेवलेली खुर्ची. इंजिन चालू, वायपर चालू.

“एवढंच अंतर होतं?” बाईंनी विचारलं.

त्यांचा हात हॉर्नवर गेला. थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी तो काढून गिअरवर ठेवला.

“मागे बघा, कुणी येतंय का.”

मास्तरांनी धुकटलेली काच बाहीनं पुसली आणि खूप वेळ मागे बघत राहिले. “कुणी नाही,” ते म्हणाले.

बाईंनी गाडी मागे घेतली, सरळ, फाटकाला न लागता. ‘छान, जमतंय’ मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि घरापर्यंतचा सगळा रस्ता दोन्ही पाय सीटखाली ओढून बसले.