वसुलीला कोण जाणार

पोस्टात लाख वितळल्याचा वास आला की मला आमची नगरची ओसरी दिसते, तिच्यावर तरंगणारं दुपारचं धुळकट ऊन दिसतं. भिंगारच्या बेकरीवाल्याने वडिलांचे मैद्याचे पैसे थकवले होते, आणि लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटातून कोर्टाचा हुकूमनामा वडिलांच्या हाती आला होता. आता वसुलीला पाठवायचं कोणाला? वकील म्हणाले, "कोर्टाचा बेलिफ पाठवू. दारात ढोल वाजवून जप्ती पुकारली की पैसे निघतात." "अन् बेकरीवाल्याच्या दारात मांडव पडलाय त्याचं काय?" आत्या आतून म्हणाली. "पोरीचं लगीन मोडंल. मी जाते." वडील हसले. "तू वसुली करणार? तूच चार आणे देऊन येशील!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इंग्रजी शाळेत जाणाऱ्या बाई, तुम्ही सांगा." पुरुषांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. खाली बघत म्हणाले, "आत्याला." दिवेलागणीला आत्याचा टांगा परत येऊन दारात थांबला. आत्याचे हात कोपरापर्यंत हळदीने माखले होते. वडिलांनी विचारलं, "पैसे?" "लगीन झाल्यावर देतो म्हनला. नवरीला हळद लावून आले." वडिलांनी वकिलांकडे निरोप धाडला, बेलिफ नको. आज कोणी विचारलं तरी मी आत्याचंच नाव घेईन, फक्त जरा मोठ्याने.