झोपलेल्या मांजराचं माप

माझे वडील पुस्तकबांधणीचं काम करत. एक्केचाळीस वर्षं एकाच गाळ्यात. गाळा अरुंद आणि लांबोडका, पुढे काउंटर, मागे शिलाईचं टेबल, भिंतीशी पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. चिकटवायची खळ पिठाची, म्हणून उंदीर. उंदीर, म्हणून मांजर.

मांजर काउंटरवर बसायची आणि बाबा मागे, म्हणून गिऱ्हाइकं तिला मालकीण म्हणत. आई दुपारी डबा घेऊन आली की म्हणायची, "दोन मालकिणी आहेत तुमच्या. ऐकता मात्र एकीचंच."

"ती बोलत नाही ना," बाबा दाभणात दोरा ओवत म्हणायचे. "ऐकायला बरं पडतं."

त्यांची कामाची एक रीत होती. शिवलेलं पुस्तक रात्रभर शिकंजात पडून राहिल्याशिवाय ते पुठ्ठ्याचं माप घेत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. "दमून पडलेली वस्तू खोटं माप देत नाही," असं ते म्हणत. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा एक रात्र शिकंजात झोपून मग कव्हर घालून निघायच्या. वर्गात त्या वह्या दगडासारख्या आपटायच्या, आणि मला त्यांची लाज वाटायची.

आई गेली. त्यानंतर दोन वर्षं बाबा गाळ्यावरच्या खोलीत एकटे राहिले. मग मालकानं इमारत विकली आणि महिनाअखेर चाव्या मागितल्या. मी फोनवर म्हटलं, आमच्याकडे या. ते म्हणाले, "बघू."

त्यांच्या "बघू"ची आणि माझी जुनी ओळख होती. सायकल मागितली तेव्हा बघू म्हणाले होते. ती सायकल मी अजून बघतेय. पण आठवड्यानं त्यांचाच फोन आला. "मालकीण येणार असेल तर येतो."

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "सासऱ्यांचं काही नाही, मांजराशी माझं जमेल का ते बघावं लागेल." म्हणजे हो.

आमच्या घरात जनावर घेऊन प्रवास कुणीच कधी केला नव्हता. बसनं सात तास. मी बाबांना सांगितलं, बाजारात प्लास्टिकची जाळीची टोपली मिळते, ती घ्या.

"टोपलीत? ती काय भाजी आहे?"

त्यांनी पेटी करायला घेतली. त्या गाळ्यातलं ते शेवटचं काम. तीन आठवडे लागले. मी निघायच्या आदल्या दिवशी पोचले तेव्हा पेटी काउंटरवर ठेवलेली होती. जाड पुठ्ठा, वर निळं कापड, कोपऱ्यांना चामडं, आत अबरीचा रंगीत कागद. हवेसाठी एका ओळीत पाडलेली भोकं. झाकण पुस्तकाच्या कव्हरासारखं कण्यावर उघडणारं.

"मांजराला ही पेटी," शेजारच्या गाळ्यातला चष्मेवाला म्हणाला. "आणि मला लग्नात मिळाली पत्र्याची ट्रंक."

सकाळी नऊची बस होती. आठ वाजता बाबांनी मालकिणीला उचललं आणि पेटीत ठेवलं. मागचे पाय गेले, तर पुढचे बाहेर. पुढचे घातले, तर पाठ वर. पाठ दाबली, तर शेपूट, आणि शेपटीपाठोपाठ सगळं मांजर पुन्हा काउंटरवर. झोपलेलं मांजर एक गोळा असतो. जागं मांजर चहूबाजूंनी मांजर असतं. बाबांच्या मनगटावर ओरखडे उठले. चष्मेवाला म्हणाला, पोत्यात भरा. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चष्मा पुसायला लागला.

मग त्यांनी खिशातून एक चिठोरा काढला. लांबी, रुंदी, जाडी, वर एक बोट सूट. "चार वेळा घेतलंय माप. चारही वेळा तेच आलं."

"कधी घेतलंत?" मी विचारलं.

"दुपारी. उन्हात झोपली की."

मी चिठोऱ्यावरून पेटीकडे पाहिलं. बोलला तो चष्मेवालाच. "अहो, झोपलेल्या माणसाच्या मापानं शिंप्यानं विजार शिवली तर तो उठून चालणार कसा?"

बाबा स्टुलावर बसले. चिठोरा उलटा करून पाहिला. मागे काहीच नव्हतं. "तू नीघ," ते म्हणाले. "मी नंतर येईन."

"नंतर कधी? चावी आज द्यायची आहे."

"बघू."

तो शब्द ऐकला आणि मला कळलं, आज हे इथून उठले नाहीत तर कधीच यायचे नाहीत. कुठे तरी एक खोली बघतील, मांजर कुशीत घेऊन बसतील, आणि मला महिन्यातून एकदा फोन करतील. पेटी लहान झाली याचं त्यांना दुःख होतं, आणि त्या दुःखाच्या आडोशाला थोडी सुटकाही होती. मला राग आला. "उद्या इथं दुसऱ्याचं कुलूप लागेल, बाबा. खळ नाही म्हटल्यावर उंदीरसुद्धा थांबणार नाहीत. मालकीण कशावर मालकी करेल?"

त्यांनी रिकाम्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग उठले, बांधलेल्या पिशवीची गाठ सोडली आणि चामडं कापायची सुरी काढली.

हे मी सांगितलंच पाहिजे. एकदा दोघे भाऊ बापाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले होते. मधोमध कापून दोन करून द्या, म्हणाले, वाटणी आहे. बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. धडधाकट कणा कापायचा नसतो, ही त्यांची एकुलती एक श्रद्धा. आणि आता त्यांनी पेटी आडवी ठेवली, कण्यावरून अंगठा फिरवला, आणि वरून खालपर्यंत सुरी ओढली. एकदाच. निळं कापड फाटलं, आतला रंगीत कागद बाहेर डोकावला. झाकण सुटं झालं. त्यांनी ते चार बोटं उचलून कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे अडकवले आणि स्वतःच्या विजारीचा पट्टा काढून भोवती बांधला.

आम्ही पिशव्या उचलत होतो तेवढ्यात मालकीण आपण होऊन त्या फटीतून आत गेली. कुणी घालत नव्हतं, म्हणून.

बसच्या दारात कंडक्टरनं अडवलं. "आजोबा, काय आहे यात?"

"पुस्तक."

"पुस्तकाला मिशा आहेत." त्यानं वाकून पाहिलं. "जनावर बंद पेटीत लागतं."

"बंदच आहे."

"हे बंद?"

एका हातानं विजार सावरत बाबांनी दुसरा हात फटीत घातला. "आता झालं."

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, विजारीकडे पाहिलं, अर्धं तिकीट फाडलं. "हात काढायचा नाही."

बाबांनी तो हुकूम अक्षरशः पाळला. पहिला तासभर मालकीण एका सुरात ओरडली. पुढच्या सीटवरच्या बाई दोनदा वळून बघून तिसऱ्यांदा विचारत्या झाल्या, "पहिलीच वेळ?" बाबा म्हणाले, "आमची दोघांची." एवढं आयुष्य झालं, पण घर सोडून ते खरोखर कुठेच गेले नव्हते, हे मला तिथे बसल्याबसल्या उमगलं. चहाच्या थांब्यावर मी त्यांच्या तोंडाला कप लावला. लहानपणी ताप आला की ते मला असंच पाजत, दुसऱ्या हातात दाभण तसंच धरून.

दुपारनंतर आतलं ओरडणं थांबलं. "झोपली," ते हळूच म्हणाले. "आता बरोबर बसली असती." आणि हसले. पण हात त्यांनी काढला नाही. घरी पोचलो तेव्हा तो इतका बधिर झाला होता की मला त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडाव्या लागल्या.

मालकीण आमच्याकडे चार वर्षं राहिली, बाबा सहा. आता घरात नवरा आणि मी, दोघंच आहोत. मला पुन्हा पुन्हा आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी उठले तेव्हा बाबा अनवाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होते, थांबून जमीन न्याहाळत होते. मला वाटलं, वाट चुकले, बाथरूम शोधताहेत.

"इथं ऊन कुठं पडतं ग?" त्यांनी विचारलं. "दुपारचं."

त्या घरात मला नऊ वर्षं झाली होती. मी रोज साडेनऊला बाहेर पडत असे. मला सांगता येईना.

"असू दे," ते म्हणाले. "आम्ही बसतो शोधत. आता काय घाई आहे."